गादीला खालून वारा

चोपडा,
९ नोव्हेंबर १९८७

लीलाधर,

एक खिळा निघाला, दुसरा निघत नाही. हे खाली वाकून पकडीने ओढताहेत, फळी हलते आणि माझं अक्षर वाकडं येतं. मी कुशीवर आहे. उठायचं तर आधी पाय खाली सोडावे लागतात आणि पायांच्या जागी ह्यांचं डोकं आहे.

निघाला. आता नीट लिहिते.

तो खिळा यावलपासून माझ्या कमरेखाली होता. गादी एवढी दबली आहे की खिळ्याचं डोकं लुगड्यातून कळतं. तुला माहीत आहे, श्रावणात केळीचा घड उतरवताना माझी पाठ गेली. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने सपाट झोपायचं, बसायचं नाही. आणि त्याच महिन्यात ह्यांना बियाणे कंपनीचं काम मिळालं. गावोगाव गाडी न्यायची, भोंग्यावरून पुकारायचं, संध्याकाळी भिंतीवर चादर लावून फिल्म दाखवायची. होळीपर्यंत घरी यायचं नाही. कंपनीला दोन माणसं हवीत. कागदावर ह्यांचं नाव आहे, तोताराम, चालक. त्याखाली माझं, कुंदाबाई, निवेदक. माझा आवाज त्यांना आवडला. मी पाठीवर पडून माइक छातीवर ठेवते आणि बोलते. शेतकरी बंधूंनो, म्हणते. लोक गाडीच्या मागे चालतात आणि बाई कुठे आहे ते शोधतात. घरी एकटीने पडून राहायचं त्यापेक्षा हे बरं, असं मीच म्हटलं होतं.

पण गाडी कोणती घेतली ते ह्यांनी तुला सांगितलं नसेल. लिलावातली आहे. जुनी रुग्णवाहिका. पांढऱ्या रंगाखाली लाल पट्टी अजून दिसते. पुढे चालवणाऱ्याची जागा वेगळी, मध्ये पत्रा, पत्र्यात वहीएवढी काच. मागे मी. जिथे आजारी माणसाला ठेवायचे तिथेच ह्यांनी फळी रुंद करून माझा पलंग केला आहे. हाताजवळच्या भिंतीवर रंग खरवडला आहे, चार चार रेघा. नखांनी खरवडल्यासारखा. मी तिथे रुमाल टांगला आहे. रुमाल हलला की रेघा दिसतात.

तुझ्याकडे गाद्यांचं दुकान आहे म्हणून विचारते. फळीखाली पत्र्याची बंद पेटी आहे आणि जमिनीच्या पत्र्याला स्ट्रेचरचे बोल्ट काढलेली चार भोकं. पेटीच्या फटीतून तिथला गार वारा कमरेला लागतो. वर छताला जाळी आहे, तिथूनही वारा आणि धूळ येते. काय काय बुजवू ते सांग. गादीचंही सांग.

पुढचा मुक्काम शिरपूर, २० तारखेपर्यंत. कंपनीच्या दुकानाचा पत्ता खाली दिला आहे. ते पत्र ठेवून घेतात.

तुझी अक्का


धुळे,
१३ नोव्हेंबर

अक्का,

पत्र वाचून आधी हसलो, मग भाऊजींचा राग आला. बहिणीला खिळ्यावर झोपवायला मी तिला दिली नव्हती. तसं पाहिलं तर तूच मला वाढवलंस, मी कोण तुला देणारा. पण राग आला.

नवी गादी उद्याच्या शिरपूर एसटीच्या टपावर टाकतो. जुना कापूस घेतला नाही. नवा पिंजून घेतला, दहा किलो, कमरेच्या जागी एक थर जास्त, टाके जवळ जवळ. ट्रकच्या केबिनमध्ये मागची फळी असते ना, क्लीनर झोपतो ती, तसल्या गाद्या मी महिन्याला वीस करतो. रस्त्यावरच्या झोपेचं मला कळतं. घरची गादी एका जागी असते, गाडीतल्या गादीला दिवसभर मार बसतो.

आता काय करायचं ते भाऊजींना वाचून दाखव.

फळीखालची पत्र्याची पेटी कापून काढून टाका. फळीला बरम्याने रुपयाएवढी भोकं पाडा, वीतभर अंतरावर, पायापासून डोक्यापर्यंत आठ ओळी. माझ्या वस्तादांनी पहिल्या दिवशी मला एकच गोष्ट शिकवली: गादीला खालून वारा, माणसाला वरून ऊब. खालून वारा नसला की घामाने कापूस ओला होतो आणि त्याचा दगड होतो. तुझी जुनी गादी त्यानेच बसली. म्हणून जमिनीची चार भोकं बुजवू नकोस, तीच कामाची आहेत. वरची जाळी मात्र बंद करा. गादीबरोबर रेक्झिन आणि जाड लोकरी नमद्याच्या पट्ट्या पाठवतो. जाळीला रेक्झिन, खिडकीच्या फटींना पट्ट्या. धूळ येणार नाही, थंडी येणार नाही.

रेघांचं म्हणशील तर ती स्ट्रेचरची घासाघीस आहे. भाऊजींना सांग, रंगाचा एक डबा आणा आणि अक्काची भुतं झाका.

माझा अधू पाय बरा आहे. थंडीत जरा ओढतो. दुकान ते घर चालतो, पुरे झालं.

लीलाधर


शहादा,
२३ नोव्हेंबर

लीलाधर,

गादी मिळाली. पेटी कापून काढली, जाळी बंद केली, पट्ट्या लावल्या, ह्यांनी सगळी भोकं पाडली, एकसारखी, तू सांगितलीस तशी. शिरपूरहून निघालो. गाडी दीडेक मैल गेली असेल, मग मला काही आठवत नाही. शहाद्याला जाग आली. श्रावणापासून पहिल्यांदा मी न कण्हता झोपले. तुझ्या हाताला यश आहे.

पण उठल्यावर डोकं शिसं भरल्यासारखं होतं. माइक हातात घेतला तर बोटं वळेनात. शेतकरी बंधूंनो म्हटलं आणि पुढचं आठवेना. हे पुढून काचेवर टकटक करत राहिले.

इथल्या दुकानदाराची आई आहे, वच्छलाबाई. खूप म्हातारी. मला पाणी द्यायला गाडीशी आली आणि तांब्या हातात तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "तोंड एवढं लाल कसं पडनं वं माय? ताप शे का?" हात लावून पाहिला, ताप नव्हता. मग गाडीला वळसा घालून आली. लाल पट्टी तिने ओळखली. म्हणाली, "असल्या गाडीतून आम्ही माणूस घरी आणलेला आहे, बाई. ह्या गाडीम्हा नको झोपू."

मी हसण्यावारी नेलं. पण तुला सांगते. गाडी चालू लागली की छातीवर काहीतरी बसतं. जड नसतं आधी. मांजर बसावं तसं. मग जड होत जातं. मी हात उचलायचा म्हणते आणि हात उचलत नाही. रुमाल समोर दिसतो, रेघा दिसतात आणि मला कळतं की त्या कशा पडल्या असतील. ह्यांना हाक मारायची असते, पण आवाज निघत नाही. माझा आवाज, लीलाधर. कंपनी ज्याचे पैसे देते तो.

हे तू कोणाला सांगू नकोस. ह्यांनाही मी एवढं सांगितलेलं नाही. पुढचा मुक्काम सारंगखेडा, दत्तजयंतीची यात्रा आहे. तिथे आठवडाभर गाडी एका जागी.

अक्का


धुळे,
२८ नोव्हेंबर

अक्का,

लहानपणी मला गोधडीत गुंडाळून तू सांगायचीस, की पिंपळाखाली काही नसतं, वारा असतो. आता मी तुला तेच सांगतो. वारा आहे. डोकं जड होतं ते गार वाऱ्याने, तोंड लाल होतं तेही त्यानेच. मागच्या दाराला खाली बोटभर फट असेल, सगळ्या रुग्णवाहिकांना असते. त्यासाठी जाड पडदा शिवून पाठवला आहे, दुहेरी रेक्झिन, कडेला नमदा. दारावर आतून लावा, खाली जमिनीला टेकू द्या. मग बघ.

आणि गाढ झोपेत छाती जड होते. दमलेला माणूस झोपला की असंच होतं. श्रावणापासूनची झोप तू आता भरून काढते आहेस.

त्या म्हातारीला सांग, धुळ्यातल्या अर्ध्या गाद्या माझ्या हातून गेल्या. त्यातल्या किती मेलेल्यांच्या खालून काढलेल्या होत्या त्याचा हिशोब नाही. एकीनेही मला धरलं नाही.

आवाजासाठी कोमट पाणी पीत जा.

लीलाधर


सारंगखेडा,
९ डिसेंबर

लीलाधर,

यात्रा संपली. घोडे परत चालले आहेत. दिवसभर दारासमोरून जातात, धूळ उडते, पण तुझ्या पडद्यामुळे आत येत नाही.

आठ दिवस गाडी उभी होती. आठही दिवस मी ह्याच पलंगावर झोपले, ह्याच गादीवर. एकदाही कोणी छातीवर बसलं नाही. डोकं दुखलं नाही. आवाज इतका मोकळा लागला की पाळण्यावरची माणसं आमच्या भोंग्याकडे वळून पाहत होती. हे म्हणाले, "बघ, तुझं मनाचंच होतं." मला वाटलं, दत्ताची जागा आहे म्हणून ते जवळ येत नाही.

काल शेजारच्या बाईकडून गादी उन्हात टाकून घेतली. आणि आता मी जे लिहिते ते वाचून हसू नकोस. गादीच्या खालच्या बाजूला काळे डाग पडले आहेत. गोल. एकेका भोकाच्या जागी एकेक. आठ ओळी आहेत, मी बोटाने मोजल्या. बोट काळं झालं. काजळासारखं. कमरेच्या जागचे सगळ्यांत काळे आहेत, डोक्याकडे फिकट होत जातात. वरून गादी पांढरीशुभ्र आहे. खालून कोणीतरी एकेका भोकाला तोंड लावून श्वास सोडल्यासारखं दिसतं.

मी ह्यांना दाखवलं नाही. डागांची बाजू खाली करून गादी परत घालून घेतली.

उद्या सकाळी दोंडाईच्याकडे निघायचं आहे. आज दुपारपासून मला काही खावंसं वाटत नाही. गाडी उभी असते तोवर ती गाडी असते. चालायला लागली की तिच्यात कोणीतरी असतं. एवढंच मला कळलं आहे.

तू म्हणशील तसं करीन.

अक्का


धुळे,
१२ डिसेंबर

अक्का,

डाग म्हणजे बुरशी. ओल. यात्रेत नदीकाठी आठ दिवस गाडी उभी राहिली, दुसरं काय होणार? भोकांच्या जागी ओल आत शिरली म्हणून डाग गोल. फडक्याने पुसून घे, उन्हात टाक, परत घाल. मी रोज पाहतो असले डाग.

रागावू नकोस, पण मला आता वाईट वाटायला लागलं आहे. मी तुला दुसरं काय देणार? पैसा नाही, पायाने तुझ्याबरोबर फिरता येत नाही. एक गादी दिली, तीवर तुला भुतं दिसतात.

२१ तारखेला तुम्ही धुळ्याला येता. गाडी दुकानासमोर लावा. मी स्वतः आत झोपून पाहतो. तोवर धीर धर.

लीलाधर


दोंडाईचा,
१५ डिसेंबर

लीलाधर,

तू म्हणालास ते खरं. पुसून घेतलं. आता छान झोप लागते. खूप छान. काळजी करू नकोस. दोन दिवसांनी मुडावद, १९ला सकाळी तिथून निघून नरडाणा, मग सोनगीर, मग तू.

तुझ्या गादीबद्दल मी काही वाईट बोलले असेन तर विसर.

अक्का


दोंडाईचा,
१५ डिसेंबर

लीलाधर यांस,

तोताराम लिहितो. मी पत्र लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. कुंदाला न सांगता लिहितो. तिने तुम्हाला वेगळं पत्र टाकलं आहे, त्यात सगळं बरं आहे असं असेल. माझ्यासमोर तिने ते लिहिलं.

आम्ही वाटेत एक रीत ठेवली आहे. मी दर मैलाच्या दगडाला मधल्या पत्र्यावर टकटक करतो. ती आतून चमच्याने दोनदा वाजवते. सारंगखेड्याहून निघालो. निम्म्या वाटेपर्यंत ती वाजवत होती. मग एकदाच वाजवलं. मग नाही. मला वाटलं झोपली, बरं झालं, गादी चांगली आहे. गाडी थांबवली नाही.

दोंडाईच्याला दुकानासमोर मागचं दार उघडलं. ती पाठीवर होती, तोंड उघडं, चमचा हातात. गाल इतके लाल की आत्ता यात्रेतून हसत आली असेल असं वाटावं. हाक मारली. हलवलं. पाणी मारलं. दुकानातल्या चौघांनी तिला उचलून ओट्यावर ठेवलं. मी घड्याळ पाहिलं नाही, लोक सांगतात पाऊण तास गेला. मग डोळे उघडून तिने विचारलं, "यात्रा उठली का?" आणि उलटी केली. संध्याकाळी चांगली होती. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा. भगत म्हणाला गाडीत दोन आहेत, एक बाई आणि एक लहान.

तुम्ही शिकलेले आहात. मला सांगा, तिला घरी नेऊ का? घरी न्यायची तरी ह्याच गाडीतून न्यावी लागेल.

आणि एक. आता मुक्कामाला पोचलो की मी लगेच उतरत नाही. चाकावर हात ठेवून बसून राहतो. मला मागचं दार उघडायची भीती वाटते.

तोताराम


मुडावद,
१८ डिसेंबर, संध्याकाळचे सात

अक्का,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तुझा पत्ता आता मला माहीत नाही. लिहितो, कारण न लिहिता बसवत नाही.

तुमची दोन्ही पत्रं आज सकाळी एकाच टपालात आली. आधी तुझं वाचलं. मग भाऊजींचं. शेजारी अभिमन सायलेन्सरला वेल्डिंग करत होता. तो वीस वर्षं तेच करतो. मी भाऊजींचं पत्र त्याच्यापुढे मोठ्याने वाचलं, भगताचं वाचताना थांबलो. त्याने चष्मा वर केला. विचारलं, "गाडी पेट्रोलनी शे का?" मी हो म्हणालो. "सायलेन्सरचा पाइप कुठून जातो?" मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, गाडीखालून मागेच जाणार, दुसरीकडे कुठे जाईल. मग गादीचं विचारलं, आणि मी त्याला सगळं सांगितलं. पेटी काढायला लावली ते. आठ ओळी भोकं. जमिनीची चार भोकं उघडी ठेवली ते. जाळी बंद, फटी बंद, पडदा. काळे डाग. गाडी उभी असते तेव्हा काही होत नाही ते.

त्याने वेल्डिंगची कांडी खाली ठेवली. मग म्हणाला, "लीलाधर, तू बहिणीले धुराड्यावर झोपाडेल शे. आणि वरून झाकण लावेल शे."

पाइप सडलेला असेल, तो म्हणाला. पेट्रोलचा धूर दिसत नाही, वास फारसा येत नाही. माणूस गाढ झोपतो, गाल लाल होतात, आणि झोपेतच जातो. त्याने गॅरेजमध्ये दार लावून गाडी चालू ठेवणाऱ्या एकाला बाहेर काढलं होतं. तोही लाल होता.

मी तारघरात गेलो. तार केली: गाडी चालू करू नका, अक्काला आत झोपवू नका, मी येतो. मग दीड वाजताची मुडावदची मुक्कामी एसटी धरली. ती चिमठाण्यावरून शिंदखेड्याकडून जाते, सगळ्या गावांना थांबते. मला घाई नव्हती. तुम्ही उद्या सकाळी निघणार होतात, तार माझ्या आधी पोचणार होती. बसमध्ये मी तुझी जुनी पत्रं वाचत होतो आणि मला लाज वाटत होती, पण भीती वाटत नव्हती.

साडेपाचला उतरलो. दुकानाशी गाडी नव्हती. दुकानदार झुलाल पाटील बाहेर आला. म्हणाला, "तुम्ही कोण?" नाव सांगितलं. तो खालीच बसला.

त्याने सांगितलं ते असं. तीन वाजता बेटावदहून तारवाला सायकलवर आला. लांबूनच ओरडला, "धुळ्यानी तार शे, कुंदाबाईनी." तू ओट्यावर पडून होतीस. तू कपाळावर हात मारलास आणि म्हणालीस, "माझा लीलाधर गेला." सगळ्या बाया गोळा झाल्या. भाऊजी तार फोडायला लागले तर तू त्यांचा हात धरलास. "उघडू नका, उघडली की खरं होईल," म्हणालीस. त्यांनी ती तशीच खिशात ठेवली. मी झुलालला विचारलं, कोणी वाचली कशी नाही? तो म्हणाला, "तार कोन वाचस भाऊ? तार उनी म्हणजे कोन तरी गया." धुळ्यात तुझं मीच एक माणूस. मग सगळं गाव म्हणायला लागलं, निघा, लवकर निघा, अंधार पडायच्या आत पोचा, तोंड तरी बघायला मिळेल. बायांनी तुला धरून गाडीपर्यंत नेलं. साडेतीनला गाडी निघाली, नरडाणा-सोनगीरच्या रस्त्याने. मी दुसऱ्या रस्त्याने येत होतो.

मी विचारलं, बसली कुठे? पुढे का मागे?

झुलालला सांगता येईना. गर्दी होती. म्हणाला, "मागचं दार लावलं ते मी पाहिलं. कडी मीच घातली."

बायांना विचारलं. एक म्हणाली पुढे, एक म्हणाली मागेच असणार, तिला बसवत कुठे होतं? जिने मागे म्हटलं ती तुझ्यासाठी चहा घेऊन गेली होती, तिला माहीत असणार. जिने पुढे म्हटलं ती ओट्यावरच होती.

गावातला ट्रॅक्टर शेतात अडकला आहे. सायकल आहे, माझ्या पायाने सायकल चालत नाही. पोस्ट बंद झालं. एसटी सकाळी सहाला निघते, ड्रायव्हर म्हणाला आधी सोडता येत नाही. मी त्याच्या पाया पडलो. तो म्हणाला, आता सात वाजले, ते धुळ्याला पोचून तास झाला असेल. ते ऐकल्यावर मी त्याचे पाय सोडले. खरं आहे ते. जे व्हायचं ते होऊन गेलं आहे. मी आता घाई केली किंवा नाही, त्याने काही बदलत नाही.

तुला पाठ टेकल्याशिवाय पाच मिनिटं बसवत नाही. त्यात तू रडत असणार. रडून दमलेलं माणूस आडवं होतं. गादी तिथेच आहे, कमरेच्या जागी एक थर जास्त. तो पलंग मी इतका चांगला केला आहे की तू त्यावर पडशीलच. भाऊजी मैलाच्या दगडाला टकटक करत असतील. आज ते थांबतील का? रडत रडत झोपली, असं म्हणून पुढे जातील. माझं तोंड बघायला मिळावं म्हणून गाडी पळवतील.

झुलाल जेवायला बोलावतो आहे. त्याने मला अंथरूण दिलं आहे, मी ते उसवून पाहिलं. गाठाळ कापूस आहे. मी ओट्यावर बसून राहणार आहे.

गादीला खालून वारा. मी ते तुला अक्षर मोठं काढून लिहिलं होतं.

लीलाधर


१९ डिसेंबर

सकाळी नऊला धुळ्यात उतरलो. गाडी दुकानासमोर उभी होती. मागचं दार बंद, कडी घातलेली. मी कडी काढली. आत कोणी नव्हतं. गादी गुंडाळून सुतळीने बांधून कोपऱ्यात उभी केली होती. फळी उघडी होती.

अभिमन त्याच्या दुकानातून आला. म्हणाला, काल पावणेसहाला ते आले, त्याने हातातलं काम टाकून दोघांना ओरडून सांगितलं, लीलाधर जिता शे, तुम्हाला आणायला गेला आहे. अक्का पुढच्या बाकावर होती, दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरून. उतरवायला तिघे लागले.

ती माझ्या दुकानात पिंजलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी, चटईवर झोपली होती. मी दारात उभा राहून तिची छाती वर-खाली होते का ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तोंड पिवळं होतं. तिने डोळे न उघडता म्हटलं, "मेल्या, कोणी तार करतं का?"

मी विचारलं, मागे का नाही झोपलीस?

"सुतकात गादीवर झोपतात का?" ती म्हणाली. "मीच ती बांधून ठेवायला लावली."

दहाला अभिमनने गाडीखाली जाऊन पाइप उतरवला. नेमका पलंगाच्या मध्याखाली तो दोन बोटं जातील एवढा सडलेला होता. तोताराम भाऊजी त्याच्याजवळ उकिडवे बसले होते. तार त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून अर्धी वर आली होती. अजून फोडलेली नव्हती.